चीजची तार

डॉक्टरांनी शिंपीमास्तरांचा पाव, बटाटा आणि साखर एका दमात बंद केली, तेव्हापासून घरात रोज सकाळी कोबी उकडत होता. शेवटी मास्तरांनी बंड पुकारलं.

"उद्याचा नाश्ता मी करतो! झटपट, आणि पथ्यालाही चालेल असा."

त्यांची बायको बस चालवायची. ती म्हणाली, "करा की. पण जेवणाच्या वेळेआधी मला भूक लागली, तर जन्मभर कोबी. आणि कुरकुर चालणार नाही!"

सकाळी मास्तरांनी अंडी फोडून फेटली, मीठ-मिरपूड घातली, चीज किसलं. इथवर शहाण्यासारखं चाललं होतं. पण माणूस हाडाचा शिंपी! कापड धुतल्यावर आटतं, म्हणून शिवणीत जास्तीची माया सोडायची हाताला सवय. अंडीही आटणारच, असं म्हणत त्यांनी घरातली उरलेली सगळी अंडी फोडली, उरलंसुरलं चीजही त्यात लोटलं आणि मंद आचेवर झाकण ठेवलं.

आटतंय कसलं! आम्लेट फुगलं, झाकण डोक्यावर घेऊन उठलं आणि फळीवरच्या बरण्यांना जाऊन टेकलं.

"अहो, हे आम्लेट आहे की गादी?"

"तू बस गं. आत्ता अल्टर करतो."

मास्तरांनी मोठी कात्री चालवली, मापात तुकडा कापला आणि घडी घालून तिच्यापुढे ठेवला. तिनं तो उभ्याउभ्या फस्त केला नि पळाली. चीजची एक तार तिच्या कोटाच्या बटणाला अडकली, ती अडकलीच. बस सुटली तरी तुटेना. मास्तरांनी इकडचं टोक अंगठ्याला गुंडाळलं आणि मशीनवर बसले. भूक लागली की ओढेल, दुसरं काय!

सकाळभर तार गप्प. जेवणाची वेळ होत आली आणि अंगठ्याला हिसका बसला. मग आणखी एक. मास्तरांच्या नाकात कोबीचा वास घुमू लागला. गळ्यात टेप तसाच ठेवून ते तारेमागं धावत सुटले.

चौकात बस उभी होती. बायको स्टिअरिंगवर निवांत.

"लागली भूक?" मास्तरांनी धापा टाकत विचारलं.

"मला? छे! पोट टम्म आहे. मागं बघा जरा."

मागं सगळे प्रवासी तार ओढून ओढून कुरतडत होते. कंडक्टर तर डोळे मिटून चघळत होता.

"उद्याही हेच करा," गिअर टाकत बायको म्हणाली. "फक्त माया थोडी वाढवा."

मास्तरांनी गळ्यातला टेप काढला आणि बसचं माप घ्यायला सुरुवात केली.