लिंबाखालची चौकट

साळूबाईला इथं माती न मिळण्यात आसारामचा काय फायदा होता, ते आधी मांडू. प्रवरेकाठचं आमच्या ख्रिस्ती मंडळीचं कबरस्तान केवढं, तर चार-पाच गुंठे. मोकळी जागा संपलेली. म्हणून जो तो आपल्या माणसाच्या कबरीशेजारी विटांची चौकट रोवून स्वतःची जागा धरून ठेवतो. आसाराम पंचांचा प्रमुख. त्यानं लिंबाच्या सावलीत दोन चौकटी धरलेल्या. तो आणि बायको दोघंही अजून ठणठणीत. बाहेरच्याला एकदा आत घेतलं, की उद्या त्या विटांना हात लागणार. शिवाय पंचांची निवडणूक तोंडावर, आणि मतं जुन्या पाच घराण्यांची. एका नकारात सावलीही राहणार होती, खुर्चीही.

साळूबाई ऊसतोडीची. तीन हंगाम पाथर्डीकडून नवऱ्याबरोबर यायची, रविवारी शेवटच्या बाकावर बसायची. शनिवारी फडात साप चावून गेली. गावाकडं न्यावं, तर बाप्तिस्मा घेतल्यापासून भावकीनं वाळीत टाकलेलं. दुसऱ्या दिवशी चर्चमधली उपासना संपता संपता तिचा नवरा बिभीषण दारात येऊन उभा राहिला.

"जागा दिली तर बरं हुईल," तो म्हणाला. "ती हितंच प्रार्थनेला बसायची."

आसाराम उठला. मऊ आवाजात नाही म्हणणं त्याला चांगलं जमतं.

"दुःख आम्हालाही हाय, बिभीषणा. पण देवानं सगळ्या जगातून एकच राष्ट्र निवडलं का न्हाई? तसं ह्या गावात आमच्या पाच घरांना निवडलं. आमच्या पणजोबांनी वाळीत पडून बाप्तिस्मा घेतला. ही जागा त्या निवडीची हाय."

उपासना चालवणाऱ्या पाळकांचा पगार पंचांच्या हातून येतो. ते खिडकीबाहेर बघू लागले.

पहिल्या बाकावरून काठी आपटली. सत्यशीलाबाई! निम्म्या मंडळीला लहानपणी रविवारच्या शब्बाथशाळेत बायबलातल्या गोष्टी त्यांनीच शिकवलेल्या, आसारामसकट.

"आसाराम, सारा मेली तेव्हा अब्राहाम कुठं होता?"

"बाई, आता हे कशाला..."

"उत्तर दे. हीच गोष्ट सांगून तू माझ्याकडून बक्षिसाची कंपासपेटी नेलीस."

मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"परक्या मुलखात," आसाराम पुटपुटला.

"जमीन होती त्याच्याकडं?"

"न्हाई."

"देवानं निवडलेला माणूस, आणि बायकोला पुरायला वीतभर जागा नाही! मग?"

"तिथल्या हेथी लोकांपुढं वाकला. जागा मागितली."

"ते काय म्हणाले? आधी जुन्या घराण्यांना विचारतो?"

बायकांच्या बाजूनं आवाज आला, "आमच्यातली चांगली कबर बघून घे म्हनले."

"ऐकलंस? तू इथं अब्राहाम होऊन उभा आहेस. अब्राहाम तो बघ, दारात. तुझ्या वाट्याला हेथी आलेत, आणि तेवढंही तुला जमेना!"

"पण जागाच न्हाई, बाई."

"माझी आहे. मास्तरांशेजारची. विटा मी रोवल्या, मीच काढते."

आता कुणी हसलं नाही. यजमान, म्हणजे मास्तर, गेल्यापासून दर रविवारी बाई त्या रिकाम्या चौकटीतलं गवत उपटायच्या, घर झाडावं तसं.

आसारामचा चेहरा मात्र खुलला. फुकटात सुटला होता. "बाईंचं मन मोठं," तो म्हणाला.

"थांब. माझी पाळी आली की मी कुठं जायचं?"

"ते बघू की तवा."

"आत्ताच बघू. लिंबाखालची एक चौकट माझी. सगळ्या मंडळीतून मी तुला निवडलंय. निवडलेल्याला मान आधी मिळतो, असं वाटलं ना तुला? त्याच्याकडं मागणं आधी येतं. होय म्हण नाहीतर नाही म्हण, पण मोठ्यानं."

पाचही घराणी बघत होती. तो "व्हय" म्हणाला, इतकं हळू की बाईंनी पुन्हा म्हणायला लावलं.

दुपारी साळूबाईला मास्तरांशेजारी माती दिली. निघालेल्या विटा बाईंनी लिंबाखाली नेऊन टेकवल्या.

तर हिशेब असा. निवडणूक आसारामनं जिंकली. सावली अर्धी गेली. बाई आता लिंबाखालचं गवत उपटतात आणि त्याच्या बायकोला ऐकवतात, "दोघांत आत कोण आणि बाहेर कोण, ते तुमचं तुम्ही ठरवा." अजून ठरलेलं नाही. मास्तरांशेजारची जागा बाईंनी भरली. ती परत यायची नाही, आणि बाई तिचं नावही काढत नाहीत. बिभीषणाकडून कुणी काही घेतलं नाही. त्यानं शनिवारी फडातच भरलं होतं.