आठ आण्यांचं आढं

मी एक जुनी साखळी आहे. दाराची नव्हे, आणि गाईच्या गळ्यातली तर नव्हेच. मी जमीन मोजणारी साखळी. तेहतीस फूट लांब, दोन्ही टोकांना पितळी मुठी, आणि अंगावर सोळा सारखे भाग. त्या भागांना आणे म्हणतात. मित्रांनो, माझ्याएवढ्या लांबीचा आणि रुंदीचा चौकोन म्हणजे एक गुंठा. तुमच्या आजोबांनी "आमचं चार गुंठे रान" म्हटलं की त्यात माझ्या कुळाचं नाव आलंच. थोडा तोरा मिरवला तर रागावू नका.

१९४८ साली मी ठाण्याच्या मोजणी कचेरीत आले. तिथल्या ओट्यावर दगडात दोन पितळी खुणा ठोकलेल्या होत्या. त्यांच्यामधलं अंतर बरोबर तेहतीस फूट. माझं पुढचं टोक धरून चालणारा शिपाई दगडू रोज सकाळी मला त्या खुणांना लावून पाही आणि हाळी देई, "सायेब, सोळा आणे!" ते ऐकलं की माझी कडी न् कडी फुलून यायची.

पुढच्याच वर्षी आम्ही आंबिवलीपासून कोसभर आत, नदीकाठच्या एका खेड्यात गावठाण मोजायला गेलो. एका अंगणात नव्या घरासाठी तासलेलं सागाचं आढं पडलं होतं. घरधनीण बायजा म्हणाली, "आमचं आढं पन मापा की रं!" दगडूने हसत हसत मला त्यावर ताणलं. बरोबर आठ आणे! ना कमी, ना जास्त. बायजाला केवढा आनंद! त्या दिवसापासून सारा गाव तिला चिडवी, "आठ आन्यांचं घर!" पण ती चिडायची नाही, उलट मिरवायची. मलाही ते नाव आवडलं होतं.

त्यानंतर मी किती शेतं तुडवली, किती भावाभावांचे तंटे मिटवले, याला गणती नाही. मग १९५६ मध्ये मिठागराच्या बांधावर एका बैलगाडीचं चाक माझ्यावरून गेलं आणि माझा सातवा आणा तुटला. बाजारातल्या लोहाराने डाग देऊन तो जोडला. कामाची घाई होती, ओट्यावर लावून पाहायचं राहून गेलं. एकदा राहिलं ते राहिलंच. माझा लौकिकच असा, की मला कोण तपासणार? मीही मनात तेच म्हणत होते, हे कबूल करते.

१९५७ साली सरकारने खेड्यातल्या लोकांना पक्कं घर बांधायला कर्ज द्यायचं ठरवलं. अट एक होती. अख्खं घर गावठाणाच्या हद्दीत हवं. अशी घरं शोधून यादी करायचं काम सुधीर देवस्थळी या मोजणीदारांकडे आलं. नौपाड्यात राहणारा, नाकासमोर चालणारा माणूस. दगडू आणि मी त्यांच्याबरोबर पुन्हा त्याच खेड्यात गेलो.

बायजा तोवर वारली होती. घर आता तिची विधवा सून तुळसा चालवत होती. गेल्या पावसात तिच्या घराच्या दोन कुडाच्या भिंती कोसळल्या होत्या. दोन लहान मुली, आणि भिंतीच्या जागी गोणपाट. यादी त्याच संध्याकाळी कल्याणला जायची होती.

देवळाजवळच्या चिऱ्यापासून नदीकडे सात साखळ्या, तिथे गावठाण संपत होतं. दगडूने मला सात वेळा ताणलं. तुळसाच्या घराची मागची बाजू आली सात साखळ्या आणि एक आणा.

"एक आणा बाहेर," देवस्थळी हळूच म्हणाले. "बाई, माझा इलाज नाही." त्यांनी वहीत लिहिलं, 'बाहेर'.

तुळसा रडली नाही. ती माझ्याकडे टक लावून पाहत होती. माझ्या सातव्या आण्यावर तिने बोट ठेवलं.

"सायब, ही साखली डागलेली हाय. आमचं आढं मापा. ते आठ आन्यांचं हाय."

"अहो, आढ्याचा इथे काय संबंध?"

"मापा तं खरं! माजी सासू मरंपरत तेच सांगत व्हती."

दगडू पुढे झाला. "सायेब, खरं हाय. मीच मापलेलं."

आढ्याच्या दोन्ही टोकांखाली, जमिनीवर, त्याने मला ताणलं. माझे आठ आणे संपले, आणि आढं वीतभर उरलं!

"सायब," तुळसा म्हणाली, "वाललेला लाकूर कवा लांब होतो का?"

वाळलेलं लाकूड आखडेल, पण वाढणार कसं? देवस्थळींनी मला दुमडून आण्याला आणा लावून पाहिला. सातवा वीतभर तोकडा! मित्रांनो, त्या क्षणी मला भुईत गडप व्हावंसं वाटलं. सात साखळ्यांत सात विती मी खाल्ल्या होत्या. हिशेब फिरला, आणि तुळसाचं घर हद्दीच्या दोन हात आत निघालं.

म्हणतात ना, घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. इथे घराचं आढं धनिणीच्या बाजूने उभं राहिलं.

देवस्थळींनी 'बाहेर' खोडून 'आत' लिहिलं आणि बाजूला सही केली. मग त्यांनी तुळसाला हात जोडले. "चूक आमची होती," ते म्हणाले. त्या वर्षी माझ्या हातून 'बाहेर' गेलेली अकरा घरं त्यांनी पुन्हा मोजली. चार आत आली.

माझा सातवा आणा नीट करून घेतला गेला, आणि मी आणखी तीन वर्षं काम केलं. आता कचेरीच्या खुंटीवर टांगलेली असते. दगडू सुटीच्या दिवशीही येऊन तेल देऊन जातो.

मित्रांनो, दुसऱ्याला मोजण्याआधी स्वतःला खुणेला लावून पाहा. लौकिक मोठा असला तर दोनदा पाहा. आणि माझ्यासारखं जुनं हत्यार तुमच्या घरी असेल, तर त्याला गंजू देऊ नका, कुणाचं तरी घर त्याच्यावर ठरत असतं.

तुळसाच्या घराला विटांच्या भिंती आल्या, कौलं आली. आढं मात्र तिने तेच ठेवलं. बाजारातून आणा गेला, नवे पैसे आले. पण त्या कौलांखाली माझे आठ आणे अजून शाबूत आहेत.