एल्डनचं खाकरणं

एल्डन स्टॅमी आणि मी इंडियानातल्या आमच्या गावाबाहेरच्या सीडीच्या कारखान्यात बरोबरच लागलो. तो साच्याच्या मशीनवर, मी तपासणीला. रविवारी तो तिघा मित्रांबरोबर चर्चमध्ये गायचा. चौघांची गाणी एका स्टुडिओत टेप झाली आणि त्यांची सीडी आमच्याच कारखान्यात काढायचं ठरलं. ती निघायच्या आधीच एल्डन हृदयविकारानं गेला.

पहिली सीडी मी त्याच्या बायकोला, लव्हॉनला, नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात आली.

“शेवटच्या गाण्याआधी त्यानं घसा खाकरला होता. टेप करताना मी तिथंच बसले होते. ते यात नाही.”

“स्टुडिओवाल्यांनी काढलं असेल,” आमचा फोरमन ड्वेन म्हणाला. “आवाज साफ करतात ते.”

“कुणी सांगितलं होतं त्यांना?”

“अगं, लोक गाणी ऐकायला सीडी घेतात. खाकरणं ऐकायला कोण घेणार?”

“मी.”

ड्वेन मशीनपाशी गेला आणि त्यानं ते बंद केलं. स्टुडिओतून मूळ टेप जशीच्या तशी मागवली, नवा साचा करून घेतला. आधीच्या सगळ्या सीड्या दळून टाकल्या. तो चुरा पुन्हा सीडीला चालत नाही. मोटारीचे सुटे भाग करणारे घेऊन जातात.

नव्या सीड्या निघायच्या दिवशी लव्हॉन आली. पिंपातले प्लास्टिकचे दाणे तिनं ओंजळीत घेऊन पाहिले. मग टोपी-झगा घालून आम्ही तिला आत नेलं. वितळलेल्या दाण्यांची चकती साच्यातून बाहेर आली, काचेसारखी आरपार.

“यात आहे तो?”

“आहे. पण ॲल्युमिनियमचा थर बसल्याशिवाय प्लेअरला वाचता येत नाही,” मी म्हणाले.

थर बसला, वरून लेप लागला, चौघांची नावं छापून झाली. ड्वेननं एक सीडी उचलून तिच्या हातात दिली.

“ऑफिसात प्लेअर आहे. लावू?”

“नको. घरी लावेन.” तिनं ती दोन्ही तळव्यांत धरली. “गरम आहे रे.”

“राहते थोडा वेळ. निवली की डबीत घाल.”

ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. आम्ही कामाला लागलो. जेवणाच्या सुट्टीत मी बाहेर आले, तर ती तशीच बसली होती, सीडी तळव्यांत धरून, उघडी डबी मांडीवर ठेवून.