कलश हलवायचा राहिला

नळीच्या तोंडातून पाण्याची जाड धार उसळली आणि बावखलाच्या काठावर जमलेल्या अख्ख्या वाडीने हात जोडले. लाइट सकाळपासून गेलेली, पंखे बंद, आणि इथे वाडीच्या या जुन्या तळ्यातून पाणी धो धो चाललेलं! कशाच्या जोरावर? तर चौरंगावरच्या तांब्याच्या कलशाच्या. हंड्याएवढा कलश, तोंडाशी आंब्याची पानं, वर नारळ, आणि गळ्यातून निघून पाण्यात बुडवलेल्या पंपापर्यंत उतरलेले दोन जाडजूड लाल-पिवळे धागे.

"सूर्य मावळतो," विद्युतानंद महाराज डोळे मिटून गरजले, "सूर्यनारायण मावळत नाही! सोलर पॅनलला ढग आडवा येतो, भक्तीला कुठला ढग? हे दोन धागे म्हणजे प्रकृती आणि पुरुष. यातला एक जरी सुटला तरी शक्ती रुसते!"

महाराजांनी भगव्या कफनीवर काळा गॉगल चढवला होता. सूर्याशी रोज नजर भिडवावी लागते म्हणे.

गर्दीच्या मागे ज्ञानदा उभी होती. ती विरारच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि वाडीचे कारभारी नरहरी आप्पा तिचे सासरे. 'एक सुटला तर चालत नाही' हे ती मुलांना दरवर्षी सांगायची. फक्त तिथे प्रकृती-पुरुषाऐवजी प्लस-मायनस असायचे. पण सासरी सुनेचं विज्ञान म्हणजे पानातलं कारलं. तब्येतीला चांगलं हे सगळ्यांना मान्य, वाढून घ्यायला कुणी तयार नाही.

वाडीची नड मात्र खरी होती. ऐन मे महिना, दिवसा वीज जायची, आणि आप्पांनी हौसेने लावलेली सोनचाफ्याची नवी कलमं पाण्यावाचून पानं गाळत होती. अजून काही दिवस असेच गेले असते तर त्यांचं सरपण झालं असतं. म्हणून बावखलावर पाणी घेणाऱ्या घरांनी मिळून सौर पंपासाठी अर्ज केला होता आणि तो मंजूरही झाला होता. केयूर नावाचा तरुण इंजिनियर जागा बघायला आला, तेव्हा आप्पांनी त्याची उलटतपासणीच घेतली. पावसात काय? वादळ आलं तर? पॅनलवर कावळे बसले तर? आणि रात्री?

"रात्री नाही चालणार, काका," केयूर सरळ म्हणाला. "दिवसाचं पाणी टाकीत साठवून ठेवा."

तिथेच आप्पांचं मन उडालं. "जो स्वतःच सांगतो चालनार नाय, त्याचा माल घ्यायचा?"

महाराजांचा माल रात्री चालणार होता, पावसात चालणार होता आणि ग्रहणात तर दुप्पट चालणार होता. म्हणून आज पूजा झाली की सौर पंपाचा अर्ज मागे घ्यायचा आणि घरोघरची वर्गणी कलशापुढे ठेवायची, असं ठरलं होतं. एकदा सोडलेला पंप दुसऱ्या गावाला जाणार होता. शेजारचा एल्रॉयसुद्धा वर्गणीच्या रांगेत होता. "फादरना काय सांगायचं ते मी बघतो," तो म्हणाला. "माझी केळी सुकतात. पंपाला कुठला धर्म?"

ज्ञानदाने सकाळी विषय काढून पाहिला होता. आदल्या रात्री कलशाचा मुक्काम त्यांच्याच घरी होता. महाराजांनी देवघर नापसंत केलं, दिशा चुकीची म्हणून. त्यांना पसंत पडली फ्रिज ठेवलेली खोली. "एकांतात शक्ती भरते," म्हणत त्यांनी आतून कडी घातली. सकाळी फ्रिजमधलं दूध नासलं होतं आणि सासूबाई द्वारकाबाई दूधवाल्याच्या नावाने शंख करत होत्या.

"आप्पा, रात्रभर लाइट होती. मग दूध नासलं कसं? कुणी प्लग काढला?"

"देवाच्या कामात शाळा काढू नको," आप्पांनी एका वाक्यात तास संपवला.

आता आरती झाली. महाराजांनी बजावलं, "कलशाला कुणी स्पर्श करायचा नाही. करील त्याचा हात जळेल!"

आप्पांनी अर्ज मागे घेण्याच्या कागदावर सही करायला पेन उघडलं. वाद घालून उपयोग नव्हता. ज्ञानदा सासूबाईंच्या कानाशी वाकली. "आई, कलश हलवायचा राहिला."

द्वारकाबाई दचकल्याच. पूजा झाली की कलश हलवायचा, त्यातलं पाणी आंब्याच्या पानाने सगळ्यांवर शिंपडायचं आणि उरलेलं झाडाला घालायचं, हे त्या घरात कधी चुकलं नव्हतं.

"अगो, खरंच की! महाराज, थांबा. तेवढं तीर्थ माझ्या चाफ्याला घालते."

"माते, नको! ही गूढ पूजा आहे!"

"कसली पन असूदे. कलश हलवल्याबिगर उठायचं नाय." बायकांनी एकमुखाने माना डोलावल्या.

"त्यात... त्यात अदृश्य जल आहे," महाराजांनी घाम पुसला.

"अदृश्य पान्यावर कलमं जगतात?" म्हणत द्वारकाबाईंनी नमस्कार केला, नारळ उचलला आणि कलश तिरपा केला. पाण्याचा थेंब नाही. धप्पकन एक निळा जड ठोकळा चौरंगावर पडला, धागे ताणले जाऊन निसटले आणि पाण्याची धार थांबली. धाग्यांच्या आत एक लाल वायर होती, एक काळी.

एल्रॉय पुढे झाला. "ही तर इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी! माझ्याकडे अशीच हाय."

"शक्तीने बॅटरीचं रूप घेतलं!" महाराज ओरडले. कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळी वाडी हसली.

ज्ञानदाने दोन्ही वायरी पुन्हा जोडल्या. पाणी आलं. एक काढली, पाणी बंद. "पंप खरा, बॅटरी खरी," ती म्हणाली. "खोटं आहे ते एवढंच, की वीज मंत्रातून आली. ती आली आपल्या फ्रिजच्या प्लगमधून. उद्या बॅटरी उतरली की हा कलश नुसता तांब्याचा, आणि तोवर महाराज वर्गणी घेऊन पसार."

"म्हंजे माझं दूध यानं नासवलं?" द्वारकाबाई कडाडल्या. महाराजांनी पळायला कफनी सावरली, पण बायकांनी त्यांना पोलीस येईपर्यंत तिथेच बसवून ठेवलं.

आप्पा खूप वेळ पेनाचं टोपण शोधत राहिले. त्यांना सुनेकडे बघवत नव्हतं. "त्या पोराला मी इतके प्रश्न विचारले," ते हळूच म्हणाले, "आनि याला एक नाय विचारला."

"प्रश्न चांगलेच होते, आप्पा. ते सगळ्यांना विचारायचे, कफनीवाल्यालाही. कुठे चालत नाही ते जो सांगतो, त्याचं ऐकून घ्यायचं. सगळीकडे चालतं म्हणणाऱ्याचा कलश आधी उपडा करून बघायचा."

आप्पांनी तो कागद फाडला आणि चाफ्याच्या कलमांकडे बघत केयूरला फोन लावला.

"रात्री नाय चालनार ना?"

"नाही काका. खोटं कसं सांगू?"

"मग ये," आप्पा म्हणाले. "उद्याच ये."