बिनफुलांच्या गाई

ऑगस्टात ओटिलियाची एक कालवड कड्यावरून घसरून मेली. एरवी उन्हाळा संपला की गाई फुलांनी सजवून डोंगरावरच्या कुरणातून गावात आणायच्या; पण असं झालं की त्या वर्षी उरलेल्या गाई फुलांशिवाय उतरवायच्या, ही खोऱ्यातली रीत.

सून वेरेनाने भाड्याने दिलेल्या खोल्यांत मात्र पर्यटक पाहुणे उतरले होते. "आई, लोक सजलेल्या गाई बघायलाच येतात हो. चार फुलं बांधली तर कालवड रुसणार आहे का?"

"तुझे सासरे गेले तेव्हाही बांधली नव्हती," म्हणत ओटिलियाने कळप हाकला.

जुन्या चौकातून गाई तशाच निघाल्या. पाहुण्यांनी कॅमेरे खाली केले. पण गावकरी टोप्या काढून दारात आले. कुणी खोऱ्यातल्या जुन्या लादिन बोलीत, कुणी जर्मनमध्ये, कुणी इटालियनमध्ये वेरेनाला विचारलं, "कोणती गेली?"

वेरेना ज्याला त्याला त्याच्या भाषेत सांगत राहिली, "तांबडी, पांढऱ्या कपाळाची."