तिसरा बोलणारा

बाबांचं बोलणं गेलं तेव्हा ते सगळंच्या सगळं गेलं, असं घरात सगळ्यांनी धरून टाकलं. सगळे म्हणजे दोघंच. मुलगा सुतार, घराखालीच त्याचं वर्कशॉप. सून कॉम्प्युटरवाली, वरच्या खोलीत बसून ऑफिसचं काम करणारी. बाबांच्या मेंदूतली एक बारीकशी रक्तवाहिनी तुंबली. हातपाय बचावले, शब्द तेवढे गेले. तहान लागली की ते ग्लासाकडे बघत राहत, आणि त्याला काय म्हणतात ते आठवेना की डोळे मिटून घेत.

"बोलत राहा त्यांच्याशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुणाला गाणी आठवतात, कुणाला पाढे. कुठल्या दारानं परत येतील सांगता येत नाही."

सुतार रोज बोलायला बसे आणि त्याच्याच तोंडाला कुलूप लागे. त्याचं शेवटचं बोलणं मध्ये आडवं पडलेलं होतं ना. बाबांनी सगळी हयात एका विमा कंपनीत प्रोग्रॅम लिहिण्यात घालवली. भाषा कोबोल, कचेऱ्यांच्या कामासाठीच जन्माला आलेली, बाबांच्या तरुणपणीच म्हातारी म्हणवली जाणारी. निवृत्तीनंतरही काही अडलं की कंपनी त्यांना बोलावी, आणि हे नव्या नवऱ्यासारखे नटून जात. त्या दिवशीही निघाले होते. सुताराचं एक टेबल गिऱ्हाइकानं परत पाठवलं होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं. तो म्हणाला, "मेलेली भाषा आहे ती, बाबा. माझं लहानपण खाल्लं तिनं. जा, तिच्याजवळच राहा कायमचे."

बाबांनी लावलेलं बटण पुन्हा काढलं आणि ते घरीच बसले. त्याच आठवड्यात ते न्हाणीघराच्या दारात कोसळले. बाबा, रागावलात का माझ्यावर, एवढं विचारायचं राहिलं ते राहूनच गेलं.

सुनेचं ऑफिस जुन्या कंपन्यांचे जुने प्रोग्रॅम नव्या भाषेत आणायचं काम घेई. आणायचं काम खरं तर एक मशीन करी. मशीन चुकत नाही असं ते विकणारे सांगत, आणि तरी ते तपासायला सुनेला पगार मिळे. तिला वाचताना पुटपुटायची सवय. एका दुपारी बाबा शेजारी आरामखुर्चीत होते, खालून रंध्याचा आवाज येत होता, खिडकीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात लाकडाची धूळ तरंगत होती. सून स्वतःशीच म्हणाली, "रीड ग्राहक-रेकॉर्ड..."

"रीड फाइल," बाबा म्हणाले. "राइट रेकॉर्ड."

वाचायची ती फाइल, लिहायचं ते रेकॉर्ड. त्या भाषेतला अगदी पहिलीतला धडा, पण सून खुर्चीतून उठली ती उभीच राहिली. मग तिनं मुद्दाम पुढची ओळ चुकीची वाचली. बाबांनी तीही सुधारली, वर कपाळाला आठ्या घालून.

त्या दिवसापासून दुपारी वरून दोन आवाज येऊ लागले. "मूव्ह उशी टू पाठ." "ॲड साखर टू चहा." पोट भरलं की बाबा ताटावर हात धरून म्हणत, "स्टॉप रन." सून खो खो हसे. खाली सुतार रंधा थांबवून ऐकत राही. शब्द तो ओळखत होता, वाक्यं कळत नव्हती. झोपेत असताना शेजारच्या खोलीत आपली माणसं हळू बोलत असावीत, तसं ते त्याला वाटे. आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण खरं सांगायचं तर तो मत्सरानं जळतही होता.

"मशीनला येते ना ती भाषा?" एकदा त्यानं बायकोला विचारलं. "मग माझं म्हणणं मशीनलाच सांगू दे."

"तुला काय विचारायचंय ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "ते मशीननं कशाला विचारावं? भांडताना नेलं होतंस का मशीनला सोबत?"

त्यानं कान खाजवला. "अवघड आहे का गं?"

"तुझ्याइतकी नाही. पण आता ती कुणी शिकत नाही. वर्ष संपेपर्यंत आमच्याकडचे प्रोग्रॅमसुद्धा सगळे नव्या भाषेत जातील."

"आणि मग?"

"मग काय. आजची नवी उद्या कुणाच्या तरी सासऱ्याची भाषा होईल."

असा तो शिकायला बसला. जगानं जिच्याकडे पाठ फिरवली तीच भाषा, दुपारचा चहा झाल्यावर, रंध्याच्या भुश्यात. मूव्हनं त्याला पार चक्रावून टाकलं. वर्कशॉपमध्ये फळी इथून तिथे नेली की ती इथे उरत नाही. या भाषेत मूव्ह केलेली वस्तू नव्या जागी जाते आणि जुन्या जागीही तशीच राहते. हे त्याला इतकं आवडलं की तो कितीतरी वेळ हातातली करवत विसरून बसून राहिला. म्हणजे बाबा त्या कचेरीतही असतील अजून, पांढऱ्या शर्टात, आणि वर आरामखुर्चीतही. त्या रात्री त्याला स्वप्न पडलं की तो लहान आहे, आणि बाबा कामावर गेलेत तरी घरातच आहेत.

"आता नीट लक्ष दे," सून एकदा म्हणाली. "ही भाषा कडक शिस्तीची आहे. जी गोष्ट वापरायची ती आधी जाहीर करायची. तू कपाटात कप्पा करतोस ना, तसं. कप्प्याचं नाव काय, त्यात किती आकडे मावतील, आणि सुरुवातीला आत काय ठेवायचं. आधी कप्पा, मग वस्तू. कप्पा नसताना काही मागितलंस तर ती तुला दारात उभं करणार नाही."

त्यानं मान डोलावली. मान डोलावणं आणि लक्षात राहणं यात फरक असतो.

शेवटी एका दुपारी सून मुद्दाम बाजारात गेली. सुतारानं हातपाय धुतले, स्वच्छ शर्ट घातला आणि तो बाबांसमोर स्टुलावर बसला. बाहेर ढग आले होते, खोलीतला उजेड दुधासारखा पांढुरका झाला होता. बाबा जागे होते की स्वप्नात, कळत नव्हतं. त्यानं घोकून ठेवलेलं वाक्य काढलं. आवाज फाटलाच.

"इफ राग ग्रेटर दॅन झिरो..."

बाबांनी डोळे उघडले. मुलाकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. याच्या तोंडून आणि ही भाषा? पण सगळी हयात प्रोग्रॅममधल्या चुका काढण्यात गेलेला माणूस तो, सोडतो थोडाच. त्यांनी मान हलवली.

"राग," ते म्हणाले, "डिक्लेअर्ड नाही."

सुताराला उमगलं. नवशिक्यानं करावी तीच चूक त्यानं केली होती, कप्पा न करताच हात घातला होता. बाबा बोट वर करून थांबले होते. पूर्वी गणित चुकलं की थांबत तसेच. त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली.

"सेव्हन्टी सेव्हन. राग." सुटी गोष्ट जाहीर करताना आधी हा आकडा म्हणायचा, तेवढं त्याला आठवत होतं.

बाबांनी मान डोलावली. बरोबर.

"पिक्चर..." म्हणजे कप्पा केवढा ते. किती आकडी? त्यानं त्या दिवशीचं आपलं बोलणं आठवलं. परत काढलेलं बटण आठवलं. कोसळण्याचा आवाज आठवला. एवढ्याला पुरेल असा कप्पा हवा होता. "नाइन, नाइन, नाइन, नाइन, नाइन."

एका आकड्याच्या जागेला एक नाइन, म्हणजे पाच आकडी. बाबांच्या भुवया वर गेल्या. जरा जास्त होतंय असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण त्यांनी कप्पा मोडला नाही.

"व्हॅल्यू..." सुतार म्हणाला आणि अडला. आत काय आहे ते त्याला ठाऊक असतं तर तो इथे कशाला आला असता. त्यानं खाली बघितलं. नखांत लाकडाचं पॉलिश राहिलंच होतं. वाक्य अर्धवट पडलं होतं आणि ते पुरं करण्याची त्याची छाती होत नव्हती.

बाबा पुढे वाकले. भुश्यानं खरखरीत झालेला त्याचा पंजा त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"झिरो," ते म्हणाले.