तळाचं काळं कापड

गल्लीत पाठीमागे त्याला सगळे खिळेतोंड्या म्हणत आणि समोर मिस्त्री. सोफे-खुर्च्या दुरुस्त करणारा माणूस. काम करताना वीस-पंचवीस बारीक खिळे तोंडात धरायचा, जिभेनं एकेक ओठांवर आणायचा, हातोडीच्या चुंबकाला चिकटवायचा आणि ठोकायचा. तोंडात खिळे असले की बोलता येत नाही. नसले की तो जे बोलायचा ते ऐकून लोकांना वाटायचं, खिळे होते तेच बरे होते.

माणसांविषयी त्याचं मत फारसं चांगलं नव्हतं. पंचवीस वर्षं लोकांचे सोफे फाडून आत काय काय सापडतं ते बघितल्यावर कुणाचंही होणार नाही. बिस्किटांचा चुरा, कापलेली नखं, एकदा तर अख्खी कवळी. दुसऱ्या कारागिरांबद्दल तर विचारूच नका. कुणाच्या हातचा सोफा उघडला की तो आतल्या खोलीतून बायकोला हाक मारून बोलवायचा आणि दाखवायचा, "बघ. वरून कीर्तन, आतून तमाशा." बायको बघायची, मान हलवायची आणि परत आत जायची. तिला सोफ्यांत गम्य नव्हतं, पण नवऱ्याच्या तोंडाला तेवढाच विरंगुळा.

तर त्याच्या दुकानासमोर, औषधवाल्याच्या पायरीखाली, सोमवारी सकाळी मांजराचं एक पिल्लू सापडलं. मुठीएवढं, राखेत लोळून आल्यासारखं, एक डोळा चिकटलेला. आवाज मात्र अंगाच्या दसपट.

आणि गल्लीला दयेचा झटका आला. शिकवणीवाल्या बाईंनी फोटो काढला. औषधवाल्यानं त्याहून जवळून काढला. फोनवर एक ग्रुप निघाला आणि त्या ग्रुपला काय नाव द्यावं यावर दुपारपर्यंत खल चालला. कोपऱ्यावरच्या घरातले निवृत्त साहेब पुढे सरसावले. नोकरीत असताना त्यांनी काय केलं कुणाला ठाऊक नाही, पण कुणी कधी काय करावं याचा तक्ता मात्र झकास बनवायचे. तसा त्यांनी बनवला. कुणी किती वाजता पिल्लाजवळ उभं राहायचं ते त्यात होतं. पिल्लाचं पुढे करायचं काय, ते नव्हतं. ते घरी कोण नेणार, असं कुणीतरी विचारलं तेव्हा एकीच्या नाकाला केसांचा त्रास निघाला, एकाच्या सासूला मांजराची भीती निघाली आणि साहेबांच्या घरात नुकताच गालिचा आला होता. दया सगळ्यांकडे होती, जागा कुणाकडेच नव्हती.

खिळेतोंड्या हे सगळं दारात उभं राहून बघत होता. असा तमाशा त्याला फुकट बघायला मिळत नसे, त्यामुळे हातातलं काम तसंच टाकून तो सोमवारचा अर्धा दिवस उंबऱ्यावरच होता. पिल्लाची आई समोरच्या भिंतीवर बसलेली त्यालाच पहिल्यांदा दिसली. करड्या रंगाची, हाडं वर आलेली. ती खाली उतरायची, चार पावलं यायची, पायरीपाशी माणसांची ही झुंबड बघून परत भिंतीवर जायची. शेवटी त्यानं तोंडातले खिळे हातावर काढले आणि सांगितलं, "त्याची आई तिथे बसलीय. तुम्ही सगळे घरी जा, म्हणजे ती येईल आणि घेऊन जाईल."

कुणाला ते आवडलं नाही. आवडणार कसं? ज्या मदतीत आपण निघून जायचं असतं, तिचा फोटो येत नाही. शिकवणीवाल्या बाई म्हणाल्या, मिस्त्रींना मुळी काळीजच नाही. साहेबांनी तक्त्यातल्या वेळा वाढवल्या.

"मूर्खांचा बाजार," असं म्हणून तो आत गेला आणि दहा मिनिटांनी पुन्हा बाहेर येऊन उभा राहिला.

आत त्याच्यासमोर होता मोठ्या बाईंचा सोफा. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी रस्त्यानं निघाल्या की मोठमोठी माणसं सदऱ्याची बटणं नीट करत. गुरुवारी त्यांचा थोरला भाऊ राहायला येणार होता आणि बुधवारी दुपारपर्यंत सोफा घरी पोचवायचं कबूल झालं होतं. सोफ्याच्या तळाला स्प्रिंगांखाली जाड विणीचे पट्टे असतात. सगळा भार त्यांच्यावर. मोठ्या बाईंच्या सोफ्याचे पट्टे सुटत आले होते. ते काढून नवे घालायचे, असं त्यानं स्वतः बाईंना सांगितलं होतं. नव्या पट्ट्यांची गुंडाळी फळीवर आणूनही ठेवली होती. पण पट्टे बदलायचे म्हणजे अख्खा दिवस, आणि सोमवार तर गल्लीला नावं ठेवण्यात गेला.

मंगळवारी सकाळी त्यानं जुने पट्टे बोटांनी दाबून बघितले, दोन-चार ठिकाणी ओढून नवे खिळे मारले आणि स्वतःशीच म्हणाला, काढतील अजून पाच वर्षं. मग वरचं काम असं देखणं केलं की बायकोसुद्धा बघायला आली. तिनं सोफ्याखाली वाकून पाहिलं. मग फळीवरच्या गुंडाळीकडे पाहिलं.

"मोठ्या बाई आहेत हो," ती म्हणाली.

"तळाला काळं कापड बसतं," तो म्हणाला. "ते कोण उघडून बघतंय?"

त्याच संध्याकाळी पिल्लू नाहीसं झालं. साहेबांच्या तक्त्यात सहा ते साडेसहा औषधवाल्याची पाळी होती आणि त्याच्याकडे तेव्हाच गिऱ्हाईक आलं. गल्लीनं आधी कुत्र्याला दोष दिला, मग औषधवाल्याला, मग आई घेऊन गेली असेल असं ठरवून सगळ्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. खिळेतोंड्यानं अर्धवट ओढलेल्या शटरआडून ते ऐकलं आणि तोंड वाकडं केलं.

बुधवारी सकाळी शेवटचं काम राहिलं होतं. सोफा एका कुशीवर उभा होता, तळ उघडा. तळाचं कापड लावण्याआधी दिवा घेऊन आत एक नजर फिरवायची, ही त्याची नेहमीची रीत. एखादी कात्री, एखादा खिळा आत राहून जातो. त्या दिवशी त्यानं दिवा घेतला नाही. आत बघितलं की ते जुने पट्टे दिसले असते आणि ते बघायची त्याला हौस नव्हती. मान वळवूनच त्यानं कापड ताणलं आणि तोंडातले खिळे एकामागून एक ठोकले. दुपारी टेंपो आला, सोफा गेला.

तासाभरानं ती करडी मांजर दुकानात शिरली. त्यानं हातोडी आपटली, ती हलली नाही. सोफा जिथे उभा होता तिथली जमीन तिनं हुंगली, गोल फिरली, पुन्हा हुंगली आणि त्याच्याकडे तोंड करून ओरडायला लागली. खिळेतोंड्यानं तोंडातले खिळे एकेक करून डबीत टाकले. काल संध्याकाळी शटर गुडघ्याएवढं उघडं होतं. सोफा रात्रभर उघड्या पोटानं उभा होता. पट्ट्यांच्या फटीतून मुठीएवढं काहीतरी आत शिरायला कितीसा वेळ लागतो? आणि हातोडीच्या दणक्यांना घाबरून ते आत दबून बसलं असणार.

बायको आतल्या दारात येऊन उभी होती. तिला सांगावं लागलं नाही. ती एवढंच म्हणाली, की आता बाईंकडे जा. त्यानं टेंपोवाल्याला फोन लावला. सोफा काहीतरी निमित्त काढून परत आणायचा, इथे उघडायचा, जमलंच तर पट्टेही बदलायचे, कुणाला काही कळायला नको, असा त्याचा बेत. टेंपोवाला गावाबाहेर गेला होता. शुक्रवारी येतो म्हणाला. बाईंच्या घरी जाऊन उघडायचं, तर त्यांच्या डोळ्यांदेखत उघडायचं. तो खाली बसला आणि कातड्याचे तुकडे निवडायला लागला, जसं काही ते फार दिवस अडून राहिलेलं काम होतं. लोक मूग गिळून बसतात. हा खिळे गिळल्यासारखा बसला.

तेवढ्यात फोन वाजला. मोठ्या बाईच होत्या. त्या म्हणाल्या, काम सुंदर झालंय, पण सोफा आतून बारीक कण्हल्यासारखा आवाज करतोय.

"नवे पट्टे आहेत ना बाई," त्याच्या तोंडून निघून गेलं. "स्प्रिंगा जरा कुरकुरणारच. दोन दिवस जाऊ द्या. मग आवाज आपोआप बंद होईल."

फोन ठेवल्यावर त्याला आपलं शेवटचं वाक्य ऐकू आलं. बायकोलाही आलं होतं. ती इतक्या वर्षांत त्याच्यावर फारशी चिडली नव्हती. चिडून उपयोग नाही हे तिनं पहिल्याच वर्षी ओळखलं होतं.

"समोरची माणसं बावळट असतील," ती म्हणाली. "पण त्यांनी त्याला जिवंत गाडलं नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणून जगाचे डोळे मिटत नाहीत, अहो. आणि नाही कुणी बघितलं, तरी मी बघितलंय."

मांजर अजून ओरडत होती. त्याला तिची दया आली असं म्हणणं खोटं होईल. त्याला शरम वाटली, आणि शरमेची त्याला सवय नव्हती. त्यानं खिळे उपटायचं हत्यार, सुरी आणि दिवा पिशवीत टाकला आणि निघाला. पट्ट्यांची गुंडाळी फळीवरच राहिली. तिच्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही.

मोठ्या बाईंनी दार उघडलं. तो म्हणाला, सोफ्यात मांजराचं पिल्लू अडकलंय, तळ उघडावा लागेल. बाईंनी साडीचा पदर खोचला आणि सोफा उलटा करायला त्याला हातभार लावला. त्याच्या मनात अजूनही आशा होती. कापडाचा एकच कोपरा उचलायचा, हात घालायचा, पिल्लू काढायचं, कोपरा परत ठोकायचा. त्यानं तसंच केलं. पिल्लू आवाजाला घाबरून आणखी आत सरकलं, थेट मधल्या स्प्रिंगांत. त्यानं दुसरा कोपरा उचलला. मग तिसरा.

"पूर्ण काढा," बाई म्हणाल्या, आणि दिवा त्याच्या हातातून घेऊन स्वतः धरला.

काळं कापड निघालं. दिव्याच्या उजेडात पट्टे दिसले. मळके, झिजलेले, कडेला दोरे सुटलेले आणि मधेमधे चकचकीत नवे खिळे. बाईंनी दिवा आणखी जवळ धरला. पट्टे कापल्याशिवाय पिल्लापर्यंत हात पोचत नव्हता, म्हणून त्यानं ते कापले. दोन तर सुरी लावायच्या आधीच तुटले. पिल्लू बोटांत आलं, धुळीनं माखलेलं, पण श्वास चालू होता. त्यानं ते सदऱ्यात घातलं. पिल्लानं तिथेच त्याला चार नखं मारली.

"हे नवे पट्टे?" बाईंनी विचारलं.

त्यानं कापलेला एक पट्टा उचलून दिव्यासमोर धरला.

"जुने आहेत. मी बदलले नाहीत."

"मांजर शिरलं नसतं तर?"

"तर तुम्हाला कळलं नसतं."

बाईंनी दिवा विझवला. आवाज चढवला नाही. त्यांनी तो कधीच चढवला नव्हता. त्या म्हणाल्या, पिल्लाला आधी त्याच्या आईकडे पोचवा. सोफा असाच उलटा राहील. भाऊ उद्या आला की खुर्चीवर बसेल, आणि विचारलं तर काय झालं ते मी त्याला सांगेन. सकाळी पट्टे घेऊन या आणि इथे बसून घाला. मी समोर बसणार आहे. ऐन पन्नाशीत कुणी असं वर्गाबाहेर उभं करेल असं त्याला वाटलं नव्हतं. तो "बरं" म्हणाला.

परत येताना गल्लीनं त्याला गाठलंच. सदऱ्यातून एक कान बाहेर आला होता. शिकवणीवाल्या बाईंनी फोटो काढला, औषधवाल्यानं जवळून काढला, आणि साहेब तर त्याचा हात धरून म्हणाले, आम्ही नुसते बोलत राहिलो, मिस्त्री, तुम्ही करून दाखवलंत. असं मन असलेला माणूस आम्ही ओळखलाच नाही. ग्रुपवर त्याचा फोटो गेला. त्यानं सांगायला तोंड उघडलं, की अहो, मीच त्याला आत ठोकलं होतं. पण सगळे एकदम बोलत होते आणि साहेबांना त्याच्या सत्काराची तारीख ठरवायची होती. शेवटी तो त्यांच्यातून वाट काढून दुकानात शिरला आणि शटर ओढलं, खाली गुडघ्याएवढी फट ठेवून.

त्यानं पिल्लू जमिनीवर ठेवलं आणि बाजूला सरकला. करडी मांजर आली. तिनं पिल्लाला हुंगलं, चाटलं, मानेला धरून उचललं. शटरपाशी थांबून तिनं एकदा मागे वळून बघितलं. त्या नजरेत आभारबिभार काही नव्हते. गेली पंचवीस वर्षं तो दारात उभा राहून गल्लीकडे जसा बघत आला होता, तशीच ती त्याच्याकडे बघत होती. मग ती फटीतून निघून गेली.

बायकोनं विचारलं, बाई काय म्हणाल्या. स्टूल ओढून त्यानं फळीवरची गुंडाळी खाली काढली आणि पट्टे उद्यासाठी मापानं कापायला बसला.